खर्चाच्या वहीत न लिहिलेला खर्च

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याचा मला सराव नाही. गेल्या वर्षी ह्याच दिवशी आपण मला इथे उभे केलेत, अंगावर शाल घातलीत, हाती नारळ दिलात. 'आपल्यातल्याच एकीने विळीचे टोपण शोधून काढले आणि घरबसल्या उद्योग उभा केला,' असे चिटणीसबाईंनी सांगितले. टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेतून कोणीतरी विचारले, 'फायदा बरा होतो ना?' मी म्हटले, 'हो, देवाच्या दयेने बरे चालले आहे.'

भगिनींनो, ते खरे नव्हते.

इतक्या कौतुकाच्या वेळी तोटा सांगावा कसा, म्हणून जीभ अडखळली व सोपे उत्तर बाहेर पडले. तो नारळ मी घरी नेऊन त्याच विळीवर खवला. पण त्या दिवशीची बर्फी काही गोड लागली नाही. पुढे असे झाले की, माझे पाहून आपल्या मंडळातल्या दोघींनी आपापल्या युक्त्या बाजारात आणायचे मनावर घेतले. त्यांपैकी एकीने तर पाटल्या मोडून साचा करायला टाकण्याचा बेत केला. ते कानावर आल्यापासून मला स्वस्थ झोप नाही. म्हणून आज मी आपण होऊन चार शब्द बोलायची परवानगी मागितली. मोठा विचार सांगण्याची माझी पात्रता नाही. माझी हिशेबाची वही तेवढी मी सोबत आणली आहे, तीच वाचून दाखवते.

आरंभ असा झाला. २०१६ साली आमच्या थोरल्या जाऊबाईंचा दीड वर्षाचा नातू रांगत स्वयंपाकघरात आला आणि उभ्या विळीच्या पात्याला त्याचा हात लागला. दोन टाके पडले. बाजारात घडीची विळी मिळते हे मला ठाऊक आहे. पण सासूबाईंच्या हातची पाटाची विळी टाकून देऊन घडीची घेणारी घरे किती? तेव्हा जुन्या विळीलाच झाकण करावे असे मनात आले. आधी बागेला पाणी घालायच्या नळीचा तुकडा उभा चिरून पात्यावर बसवला. पण त्याने खवणीचे दाते झाकत नव्हते, आणि पोराने तो दोन दिवसांत ओढून काढला. मग पत्र्याचे काम करणाऱ्याकडून दोन पाखांचे टोपण करून घेतले. पाते व खवणी दोन्ही पोटात घेणारे, मागे बिजागरी व पुढे खिटी. ती खिटी मोठ्या माणसाच्या अंगठ्याने उघडते, पोराच्या बोटांनी उघडत नाही. एवढाच माझा शोध. त्यात मोठी विद्या नाही, पण वस्तू उपयोगाची होती हे आजही मी म्हणेन.

आता हिशेब ऐका. प्लास्टिकचे टोपण कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत करून घ्यायचे ठरले. मोल्डिंगवाल्याने नगाला २९ रुपये सांगितले. खिटीची स्प्रिंग ४ रुपये, बिजागरीची तार २ रुपये. एकूण ३५ रुपये. दुकानदाराने पाहून सांगितले, 'ही वस्तू १२० रुपयांना सहज जाईल.' मी त्या रात्री वहीत लिहिले: १२० वजा ३५, बाकी ८५. हजार नगांचे पंच्याऐंशी हजार! सातवीपर्यंतचे गणित मला येते, आणि वजाबाकी बरोबर होती. चूक होती ती मांडणीत. जे खर्च डोळ्यांपुढे उभे होते तेवढेच मी लिहिले. जे पदराआड उभे होते ते मला दिसलेच नाहीत.

पहिला लपलेला खर्च नमुन्यांचा. मला वाटले, एक नमुना केला की काम झाले. पण आपल्या आळीतल्या तेवीस घरांच्या विळ्या मी मोजपट्टीने मोजल्या तेव्हा कळले की, दोन विळ्या सारख्या म्हणून नाहीत. कोणाचे पाते लोहाराकडचे, जाड; कोणाचे बाजारातले, पातळ; कोणाचा बाक जास्त, कोणाची खवणी रुंद, तर कोणाला खवणीच नाही. अकरा नमुने झाले. त्यात ६,२०० रुपये गेले आणि एक पावसाळा गेला. शेवटी जास्तीत जास्त विळ्यांना बसेल असे एक माप धरले व बाकीच्यांना हात जोडले.

दुसरा खर्च साच्याचा. त्याला ते लोक डाय म्हणतात. नगाचे २९ रुपये सांगणाऱ्याने डायचे १,३५,००० रुपये वेगळे सांगितले. वस्तू मापाने लहान असली तरी डाय पोलादाची, आणि तिचे काम बारीक. एकदा पोलाद कापले की आपला विचार बदलून भागत नाही. पहिल्या शंभर नगांत खिटीचे नाक मोडू लागले. आपण घरी शिवलेला झंपर उसवून पुन्हा शिवतो, तसे पोलाद उसवता येत नाही. त्या दुरुस्तीला आणखी १८,००० गेले. म्हणजे एक नग विकण्याआधीच १,५३,००० रुपये लोखंडात बसले. शिवाय मोल्डिंगवाला हजाराच्या आत काम घेत नाही. कारण दहा नग काढायचे असोत की हजार, यंत्रावर साचा चढवायला, रंग बदलायला, यंत्र साफ करायला त्याचा वेळ तेवढाच जातो. आपल्याला शंभर हवे असले तरी पैसे हजारांचे अडकतात.

तिसरा खर्च कागदपत्रांचा. आपली युक्ती दुसऱ्याने उचलू नये म्हणून सरकारदरबारी दोन वाटा आहेत. वस्तू काम कशी करते ह्यात काही नवे असेल तर पेटंट; ते अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांचे असते. वस्तूचे रूप, तिचा आकार जपायचा असेल तर २००० सालच्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी. ती आधी १० वर्षांची असून पुढे ५ वर्षे वाढवून मिळते. मी दुसरी वाट धरली. सरकारी फी एकट्या माणसाला जड नाही. परंतु चित्रे काढून घेणे, अर्ज भरणाऱ्याची मजुरी व हेलपाटे धरून ८,००० रुपये लागले. आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली. अर्ज करण्याआधी वस्तू चारचौघांत दाखवली तर तिचे नवेपण जाते आणि मिळालेली नोंदणीही रद्द होऊ शकते. मी तर अर्जाच्या सहा महिने आधी, संक्रांतीच्या हळदीकुंकवात, आल्या-गेल्या प्रत्येकीला मोठ्या हौसेने ते टोपण उघडून-मिटून दाखवले होते! पुढे तसेच टोपण आठवड्याच्या बाजारात साठ रुपयांना दिसू लागले. नोंदणीचा कागद माझ्या ट्रंकेत होता. पण कागद आपण होऊन भांडत नाही. भांडायला वकील लागतो, आणि वकिलाला पैसे लागतात. मी कागदाची घडी करून ठेवली.

चौथा खर्च खोक्याचा व चिठ्ठीचा. आपण लोणच्याच्या बरणीला नाव चिकटवतो तसे हे नव्हे. बंद खोक्यातून वस्तू विकायची तर २०११ च्या वजनमापांच्या नियमांप्रमाणे त्यावर करणाऱ्याचे नाव-पत्ता, वस्तूचे नाव, नग किती, महिना व साल, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क इतके छापावे लागते. माझ्या पहिल्या हजार चिठ्ठ्यांवर महिना-साल नव्हते व तक्रारीचा नंबर नव्हता. दुकानदाराने माल परत पाठवला, आणि त्याचे बरोबरच होते. २,२०० रुपयांच्या चिठ्ठ्या बंबात गेल्या. दुसऱ्या वेळी घरचाच मोबाइल नंबर छापला. तेव्हापासून रात्री साडेदहाला फोन येतो, 'बाई, तुमचे टोपण आमच्या विळीला बसत नाही.' त्या फोनचा खर्च कोणत्या रकान्यात लिहावा?

पाचवा खर्च मधल्या हातांचा. १२० रुपये छापील किंमत म्हणजे माझ्या हातात १२० नव्हेत. घाऊक व्यापारी आणि दुकानदार मिळून त्यातले ४८ रुपये घेतात. मला आधी ते फार वाटले. पण दुकानाचे भाडे, नोकराचा पगार, न खपलेला माल हे त्यांनाही आहेच. माझ्या हाती ७२ आले. मोल्डिंगच्या बिलावर व सुट्या सामानावर जो जीएसटी लागतो तो मोठ्या कारखानदाराला वळता करून घेता येतो. माझ्यासारख्या नोंदणी नसलेल्या लहान बाईला तो पदरचाच. नगामागे ५ रुपये. खोके व चिठ्ठी ९ रुपये. टेम्पो-हमाली ४ रुपये. शंभरात सहा नग परत येतात, त्यांचे इतर नगांवर वाटून ३ रुपये. आता बेरीज करा: ३५ अधिक ५ अधिक ९ अधिक ४ अधिक ३, म्हणजे ५६. बहात्तरातून छप्पन्न गेले, राहिले १६ रुपये. त्या रात्री लिहिलेल्या ८५ चे हे १६ झाले. आणि नुसत्या डायचे १,५३,००० ह्या सोळा-सोळा रुपयांनी फेडायचे तर साडेनऊ हजारांहून जास्त टोपणे विकली पाहिजेत. गेल्या दिवाळीपर्यंत माझी ३,१०० विकली गेली.

ह्या विकण्याबद्दलही सांगते. पहिला हजार आठ महिन्यांत खपला, आणि मी हुरळून गेले. पण वही पाहिली तर निम्म्याहून अधिक गिऱ्हाइके ओळखीची होती. माहेरची, सासरची, मंडळातल्या तुम्ही सगळ्या. ओळखीच्या माणसाने घेतलेली वस्तू हा आशीर्वाद असतो. त्याला बाजार समजू नये. अनोळखी बाई दुकानात टोपण हातात घेऊन म्हणे, 'झाकून ठेवले तर विळीची धार जाईल,' किंवा 'घाईच्या वेळी उघडत कोण बसणार?' तिला बसवून, भाजी चिरून, उघडून-मिटून दाखवावे लागे. एक टोपण विकायला कधी अर्धा तास जाई.

ही काही माझ्या एकटीचीच गत नव्हे. आपल्या जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीचे नाव तुम्हा सर्वांना माहीत आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात असताना १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला. नांगर चांगला होता. परंतु लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत, त्यामुळे पहिले गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षे गेली असे सांगतात. ती दोन वर्षे घर चाललेच असेल, कामगारांना मजुरी द्यावीच लागली असेल. पुढे बेळगावची जागा सोडायची पाळी आली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांनी त्यांना जागा दिली व पैशाचीही मदत केली. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. आपण नांगराची कीर्ती ऐकतो. वाट पाहण्याची दोन वर्षे कोणी मोजत नाही. वाट पाहणे हाही खर्चच आहे, आणि त्याची पावती मिळत नाही.

सहावा खर्च साठवणुकीचा. जुलै २०१९ मध्ये दिवाळीचा बाजार धरायचा म्हणून दुसरा हजार काढला. सहाशे नग कुपवाडलाच होते. चारशे नग खोक्यांत भरून आमच्या पुढच्या खोलीत रचले होते. ऑगस्टमध्ये महापूर आला. ते दिवस कोणाला विसरता येतील? धान्य, कागदपत्रे व शिवणयंत्र वर चढवले. खोकी चढवायला वेळ मिळाला नाही. पाणी ओसरल्यावर पाहिले तर खोक्यांचा लगदा आणि स्प्रिंगा तांबूस. प्लास्टिक धुऊन निघाले असते, असे कोणी सुचवले. पण सांडपाण्यात बुडालेली वस्तू मी दुसऱ्या बाईच्या स्वयंपाकघरात कोणत्या तोंडाने द्यावी? १९,६०० रुपये गेले. विमा असा काही मी उतरवलाच नव्हता. घरातल्या खोलीला गोदाम म्हणतात हेच मला तेव्हा कळले. पुढच्या वर्षी टाळेबंदीत दुकाने मिटली, आणि वाचलेले सहाशे नग २०२१ पर्यंत तसेच बसून राहिले. तिसरा दीड हजारांचा लॉट २०२२ मध्ये काढला.

सातवा खर्च उधारीचा. 'खपले की पैसे देतो' असे म्हणून दुकानदार माल ठेवून घेतात. खपल्यावर 'पुढच्या आठवड्यात या' म्हणतात. दीडशे नगांचे १०,८०० रुपये अजून यायचे आहेत. त्यांतले एक दुकान तर आता उरलेही नाही. मोल्डिंगवाला मात्र रोख घेतल्याशिवाय माल हलवू देत नाही. रोख देणे आणि उधार घेणे ह्या दोहोंच्या मधली जी फट असते, तीत पुष्कळ लहान उद्योग पडतात.

आता आठवा खर्च. तो सांगताना मला जड जाते.

डायसाठी पैसे कोठून आले? ४०,००० माझ्या शिवणकामाचे. ६०,००० आपल्या बचत गटाचे, म्हणजे तुमच्यापैकी बारा जणींच्या घामाचे. आणि ३५,००० थोरल्या जाऊबाईंचे. त्यांनी ते गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी बाजूला ठेवले होते. 'नातवाच्या हातावरून तुला हे सुचले, घे,' असे म्हणून त्यांनी ते माझ्या ओंजळीत घातले. सहा महिन्यांत परत करते असे मी सांगितले होते. सहा महिन्यांची साडेतीन वर्षे झाली. त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. फक्त बुधवारच्या भजनाला येईनाशा झाल्या. मंडळाच्या पायऱ्या चढवत नव्हत्या. मी पुन्हा पुन्हा नग मोजत होते, आणि त्या भिंतीला धरून चालत होत्या. शेवटी माझ्या बांगड्या विकून व ह्यांनी जादा पाळ्या करून त्यांचे पैसे फेडले. ऑपरेशन झाले, आता त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत. गटाचे कर्जही फिटले, त्याच्या ९,००० रुपये व्याजासकट. पण ती साडेतीन वर्षे मी त्यांना परत देऊ शकत नाही.

मजुरीचेही तसेच. स्प्रिंग बसवणे, तार ओवणे, पुसणे, खोके घडी करून भरणे, चिठ्ठी लावणे: एका तासाला बारा नग होतात. साडेतीन हजार नगांचे सुमारे २९० तास. जाऊबाई, माझी मुलगी आणि मी जेवणे आटोपल्यावर बसत असू. ताशी नुसते ४० रुपये धरले तरी ११,६०० रुपये होतात. माझ्या वहीत त्या जागी काय लिहिले आहे? काही नाही. घरच्या बायकांचे हात फुकट, असे मी बाई असूनही धरून चालले होते. कुपवाडच्या खेपा आणि दुकानांच्या पायऱ्या तर मोजल्याच नाहीत.

विलायतेत डायसन म्हणून एक गृहस्थ आहेत. पिशवी नसलेले, केर ओढून घेणारे यंत्र त्यांनी काढले. त्यासाठी त्यांनी ५,१२७ नमुने केले ही गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. त्या वर्षांत त्यांच्या पत्नी चित्रकला शिकवत असत आणि त्या मिळकतीचा घराला आधार होता, हे मात्र आपण क्वचित ऐकतो. मी ते वाचले तेव्हा मनात आले की, प्रत्येक नमुन्याच्या पाठीमागे कोणीतरी घर चालवीत असते. तो आकडा नमुन्यांच्या आकड्याशेजारीच लिहिला पाहिजे.

तर एकूण बेरीज अशी. डाय १,५३,०००. नमुने व वाया गेलेल्या चिठ्ठ्या ८,४००. कागदपत्रे ८,०००. पुरात गेले १९,६००. व्याज ९,०००. एकंदर १,९८,००० रुपये. विक्रीतून सोळा रुपयांप्रमाणे सुटले ४९,६००. त्यात न आलेली उधारी १०,८०० धरली, की गेल्या दिवाळीअखेर तूट निघते १,५९,२०० रुपये. मजुरी ह्यात धरलेली नाही. गेल्या वर्षी 'बरे चालले आहे' म्हणून मी ज्याचे कौतुक करून घेतले, ते हे.

तुम्ही म्हणाल, मग बाईने बंद का केले नाही? बंद करणारच होते. तेवढ्यात एक गोष्ट वाचनात आली. अमेरिकेत जोसेफिन कॉक्रेन नावाच्या बाईने भांडी घासण्याचे यंत्र काढले व १८८६ साली त्याचे पेटंट घेतले. नवरा तीन वर्षांपूर्वी वारला होता व कर्ज मागे ठेवून गेला होता. यंत्र तिने आपल्यासारख्या गृहिणींसाठी योजलेले; पण घरांतून ते खपेना. किंमत जास्त, आणि त्या काळच्या घरांत एवढे गरम पाणीच नसे. घेतले ते हॉटेले व खाणावळी चालवणाऱ्यांनी. १८९३ साली शिकागोच्या मोठ्या प्रदर्शनातही ते यंत्र होते. म्हणजे वस्तू तीच, पण गिऱ्हाईक वेगळेच होते.

मी विचार करू लागले की, माझे गिऱ्हाईक कोण? जुन्या विळीवाली बाई माझे गिऱ्हाईक नव्हे, कारण तिच्या विळीचे माप मला ठाऊक नाही. नव्या विळ्या जो करतो त्याचे पाते मात्र एकाच मापाचे असते. मिरजेकडच्या एका विळ्या करणाऱ्या सुताराकडे गेले. रुखवतात नवी विळी ठेवतात, तिला टोपण असले तर मांडायला सोयीचे, हे त्यांना पटले. ते मला नगाला ५८ रुपये रोख देतात. खोके नाही, चिठ्ठी नाही, मधला हात नाही, परत येणे नाही. खर्च ४० रुपये, सुटतात १८. गेल्या दिवाळीपासून महिन्याला शंभर नग जातात. म्हणजे महिन्याचे १,८०० रुपये. ह्या चालीने जुनी तूट भरायला सात वर्षांहून अधिक लागतील. ह्याला मी यश म्हणत नाही. पण हा पैसा खरा आहे आणि ह्याच्या पाठीमागे कोणाचा गुडघा दुखत नाही.

माझ्या भगिनींनो, युक्ती सुचली तर घाबरून ती मनातच मारा, असे सांगायला मी आलेले नाही. आपल्या स्वयंपाकघरांत रोज इतक्या युक्त्या जन्मतात की त्यांची मोजदाद नाही. मी सांगते ते एवढेच की, पहिला रुपया खर्चण्याआधी एक पान लिहा. छापील किमतीपासून खाली उतरत या: मधल्या हातांचे किती, कराचे किती, खोक्याचे, वाहतुकीचे, परत येणाऱ्या नगांचे किती, मग आपल्या हाती काय उरते ते पाहा. त्या उरलेल्या आकड्याने साच्याच्या किमतीला भागा, आणि येतील तितके नग विकून देणारी अनोळखी माणसे कोठे आहेत ते स्वतःला विचारा. साच्याआधी हाताने दहा-वीस नग करून अनोळखी बायकांना पैसे घेऊन विकून पाहा. मात्र नोंदणीचा अर्ज करायचा असेल तर तो त्याआधी, हळदीकुंकवाच्याही आधी. स्वतःची व घरातल्यांची मजुरी लिहा, मग ती घ्या वा न घ्या. अमुक रकमेपुढे जाणार नाही असा आकडा घालून त्याखाली सही करा. आणि जवळच्या माणसाचे पैसे घेणार असाल, तर ते त्याने कशासाठी ठेवले होते हे त्याच पानावर सर्वांत वर लिहा.

जिने पाटल्या मोडायचा बेत केला आहे, त्या माझ्या मैत्रिणीला मी नावाने हाक मारत नाही. तिला एवढीच विनंती करते की, पाटल्या अजून आठ दिवस हातात राहू देत. एका दुपारी माझ्याकडे ये, आपण दोघी मिळून ते पान लिहू. पान लिहूनही आकडा जमला, तर पहिले टोपण, पहिले झाकण, जे काही असेल ते, मी रोख पैसे देऊन घेईन.

गेल्या वर्षीची शाल मी परत करणार नाही, ती आपण प्रेमाने दिली आहे. पण तिच्या बदल्यात ही वही आजपासून मंडळाच्या कपाटात ठेवते आहे. तिच्यात खाडाखोड पुष्कळ आहे, अक्षरही बरे नाही. जिला पाहिजे तिने ती काढून वाचावी, आणि जिला आणखी एखादा लपलेला खर्च सापडेल तिने तो शेवटच्या पानावर लिहून ठेवावा.

ज्याच्या हाताला टाके पडले होते तो आमचा नातू आता शाळेत जातो. तळहातावर बारीकशी रेघ राहिली आहे. तीन हजारांवर घरांत ते टोपण गेले; तिथे कोणाचे बोट वाचले असेल तर ते जमेच्या बाजूला कसे लिहायचे, हे मला अजून कळलेले नाही.